पाणी दिलेल्या सुरीवर नक्षी: ग्रेव्हर का तुटतो आणि वेल कुठे कोरायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीच्या पाट्यातल्या ५१६० पोलादातून हाताने घडवलेली फिक्स्ड ब्लेड सुरी पूर्ण तयार आहे. पाते ४ मिमी जाड, पाणी देऊन (तापवून तेलात एकदम थंड करून) आणि टेम्पर करून (बेताने पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवून) कडकपणा ५८ ते ५९ रॉकवेल सी; आकडा जितका मोठा तितका धातू कडक. मूठ शिसवीची, बोल्स्टर (मूठ आणि पात्याच्या सांध्यावरचा धातूचा तुकडा) पितळी, धारही लावून झाली आहे. पात्यावर आणि बोल्स्टरवर वेलबुट्टी कोरायची आहे. पात्यावर एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) ग्रेव्हर, म्हणजे कोरण्याचे टोकदार हत्यार, दोन-तीन रेघांत तुटतो आणि पितळेवर टोक घसरून रेघ भलतीकडेच जाते. चुकते कुठे, आणि आता काय करावे?

पात्यावर जे चुकले ते हाताचे नाही, क्रमाचे आहे. पितळेवर जे चुकते ते ग्रेव्हरच्या टोकाच्या आकाराचे आहे. दोन्ही वेगवेगळे सोडवावे लागते.

आधी पाते. एचएसएसचा ग्रेव्हर साधारण ६३ ते ६५ रॉकवेलचा असतो आणि पाते ५८-५९. आकड्यात ग्रेव्हर वरचढ दिसतो, पण ग्रेव्हरचे टोक सुईएवढे बारीक असते आणि सगळा जोर तिथेच येतो. पाच-सहा अंकांचा फरक त्याला पुरत नाही. हेच पोलाद पाणी देण्याआधी, लालबुंद तापवून राखेत हळूहळू थंड केलेल्या अवस्थेत, रॉकवेल सीच्या मोजपट्टीच्या अगदी तळाशी असते आणि तिथे तोच ग्रेव्हर सहज चालतो. कुठलाही धातू कोरण्याजोगा आहे का हे पाहायला यंत्र लागत नाही, चांगली कानस पुरते. कानस चावली आणि कीस पडला तर कोरता येईल. काचेवरून सरकावी तशी नुसती सरकली तर ग्रेव्हर बाजूला ठेवा.

टंगस्टन कार्बाइडचा ग्रेव्हर घेऊन कडक पात्यावर उथळ रेघा ओढणारे कारागीर आहेत. त्यासाठी टोकाच्या व्ही आकाराचा कोन १२० अंशांचा, टोकाच्या पुढच्या पृष्ठभागाचा उतार ५५ ते ६० अंशांचा, ग्रेव्हर धरणारा हवेवर चालणारा हँडपीस आणि मायक्रोस्कोप एवढे लागते. तरीही कार्बाइड ठिसूळ असल्याने वळणावर टोक उडतेच. नाव किंवा दोन अक्षरे कोरायला हा मार्ग ठीक, पूर्ण वेलीसाठी मी तो सुचवणार नाही. मुठीजवळचा भाग टॉर्चने तापवून तेवढाच मऊ करण्याचा विचारही मनात आणू नका. ५१६० चे पाते साधारण २०० अंश सेल्सियसला टेम्पर केलेले असते. रिकासो, म्हणजे हाच मुठीजवळचा बिनधारेचा भाग, तापवला की उष्णता काही सेकंदांत धारेकडे सरकते. पिवळसर, तपकिरी, जांभळा असे रंग पळताना दिसतात, आणि निळा रंग जिथे पोहोचला तिथले तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले, म्हणजे तिथले पाणी उतरले. नक्षी मिळेल, सुरी जाईल.

तेव्हा या सुरीच्या पात्यावर कोरू नका. नाव किंवा छोटी खूण हवी असेल तर मीठ-पाण्याचे विद्युत एचिंग करा, म्हणजे विजेच्या प्रवाहाने धातू खाऊन अक्षर उमटवा, त्याला कडकपणाचे वावडे नाही. पाते अ‍ॅसिटोनने पुसा. विनाइलचे स्टेन्सिल चिकटवा, किंवा नेलपॉलिशचा थर देऊन वाळल्यावर सुईने अक्षरे खरवडा. अर्धा ग्लास पाण्यात चहाचा एक चमचा मीठ. १२ व्होल्ट डीसी, एक-दोन अँपियरचा अ‍ॅडाप्टर पुरतो. धन टोक पात्याला, ऋण टोक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याला. बोळा तीन ते पाच सेकंद टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा, असे पंधरा-वीस वेळा. सलग टेकवून ठेवला की पाते तापते, स्टेन्सिलची कड सुटते आणि अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या दिसतात. अक्षर खोल गेल्यावर त्याच व्होल्टचा एसी काही सेकंद दिला की तळ काळा पडतो. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडे करा आणि लगेच तेल लावा. सोडा विसरलात तर दुसऱ्या दिवशी अक्षरांभोवती गंजाचा पिवळा पट्टा दिसेल. खिडकी उघडी ठेवा, या क्रियेत थोडा क्लोरीन वायू सुटतो.

खरी नक्षी या सुरीवर बोल्स्टरवरच शोभेल, आणि तिथे ती उत्तम होईल. मात्र धार आधीच लागली आहे हा धोका आहे. कोरताना सुरी व्हाइससकट गोल गोल फिरवावी लागते आणि दर फेरीला पाते तुमच्या हाताजवळून, छातीसमोरून जाते. म्हणून धारेवर मास्किंग टेपचे तीन-चार थर, त्यावर चामड्याची पट्टी, आणि पूर्ण पात्याला लाकडाच्या दोन फळ्यांचे म्यान करून घट्ट बांधा. शिसवी मुठीवरही टेप गुंडाळा, धातूचा कीस लाकडाच्या रंध्रांत शिरला की निघत नाही. पुढच्या सुरीला धार सगळ्यात शेवटी लावा. आणि शक्य असेल तर बोल्स्टर भोके पाडून, आकार देऊन, पण सुरीवर बसवण्याआधी कोरा. सुट्टा तुकडा लाखेवर बसवून हवा तसा फिरवता येतो. अडचण एकच: बोल्स्टर पक्का करणाऱ्या पिनांची डोकी नंतर ठोकून घासावी लागतात आणि तिथली नक्षी पुसते. त्यामुळे पिनांच्या जागी नक्षीत मोकळी जागा ठेवा किंवा तेवढा भाग बसवल्यावर कोरा. पिना त्याच धातूच्या आणि गच्च बसलेल्या हव्यात. सैल पिनेच्या कडेवरून ग्रेव्हर गेला की कपची उडते.

बोल्स्टरसाठी सगळे धातू सारखे नसतात. साधे माइल्ड स्टील कोरायला सर्वांत समाधान देणारे आहे, रेघ स्वच्छ आणि कडा धारदार निघते. जर्मन सिल्व्हर चिवट पण विश्वासू. पितळ घेताना लेथवर वापरतात तो शिसे मिसळलेला रॉड टाळा. त्याचा कीस तुटक पडतो, म्हणून टर्नरला तो आवडतो, पण बारीक रेघेची कड त्यामुळेच भुरभुरते. तांबे ७० टक्के आणि जस्त ३० टक्के असलेले पत्र्याचे पितळ घ्या. स्टेनलेस हवे तर ४१६ किंवा ४१०, तेही मऊ अवस्थेतले. फॅब्रिकेशनच्या दुकानात सहज मिळणारे ३०४ मात्र घेऊ नका. ते ग्रेव्हरखाली घासून जागच्या जागी कडक होत जाते आणि दुसरी रेघ पहिलीपेक्षा अवघड होते.

आता ग्रेव्हर, कारण पितळेवरची घसरण इथेच आहे. ३ मिमी जाडीचा चौकोनी एचएसएसचा तुकडा घ्या, लेथचा १/८ इंची टूल बिटही चालतो. वेलीसाठी टोकाचा व्ही १०५ ते १२० अंशांचा हवा. ९० अंशांचा व्ही सरळ, खोल रेघेला बरा, पण वेलीच्या जाड-बारीक होणाऱ्या रेघेला रुंद व्ही लागतो, थोडा कलला तरी रेघ पटकन रुंदावते. पुढचा उतार पितळेला ४५ अंश आणि पोलादाला ५० ते ५५. मग खालच्या दोन्ही बाजूंना टोकाशी १५ ते २० अंशांची छोटी टाच घासायची. टाचेमुळे ग्रेव्हरचा दांडा धातूपासून वर उचललेला राहतो आणि बोटांना जागा मिळते. टाचेची लांबी ०.३ ते ०.५ मिमीच हवी. बहुतेक नवशिक्यांची टाच एक-दीड मिमी झालेली असते. सरळ रेघेत ते कळत नाही. घट्ट वळण आले की टाचेची मागची कड वळणाच्या बाहेरच्या भिंतीला घासते, तिथे एक चकचकीत दुहेरी ओरखडा उठतो आणि टोक वर ढकलले जाऊन सुटते. तुमच्या रेघेत वळणाच्या बाहेरच्या अंगाला असा ओरखडा असेल तर हात बदलू नका, टाच कमी करा.

धार लावायला ६०० ग्रिटची डायमंड प्लेट, मग १२००, आणि शेवटी सिरॅमिक चकतीवर अर्ध्या मायक्रॉनची डायमंड पेस्ट. टाच आरशासारखी चकाकली पाहिजे, कारण तिचीच चकाकी रेघेच्या भिंतीवर उतरते. टाच खरखरीत तर रेघ राखाडी. तपासायला अंगठ्याच्या नखावर टोक अगदी कमी कोनात, वजन न देता ठेवा. जागेवरच रुतले तर तयार आहे, नखावरून सरकले तर नाही. भिंगातून टोकाकडे पाहताना पांढरा ठिपका चमकला तर टोक तुटलेले किंवा बोथट झालेले असते, शाबूत टोक प्रकाश परत फेकत नाही. पोलादावर काम करायचे असेल तर तयार टोक सिरॅमिक चकतीवरून एकदाच, हलकेच ओढून घ्या. डोळ्याला न दिसणारा तो बोथटपणा टोकाचे आयुष्य कितीतरी वाढवतो.

पकड पक्की हवी. बॉल व्हाइस असेल तर उत्तम, वजन दहा किलोच्या वर असलेला. नसेल तर जाड लाकडी ठोकळा वाळू भरलेल्या चामडी गादीवर ठेवा आणि त्यावर लाखेचा थर देऊन काम रुतवा. आपल्याकडचे पत्र्यावर ठोकून नक्षी उठवणारे कारागीर राळ, विटेची बारीक पूड आणि थोडे तेल उकळून जे मिश्रण करतात तेही चालते. थंडीत ते कडक होऊन तडकते, तेव्हा तेल किंचित वाढवायचे; उन्हाळ्यात मऊ पडते, तेव्हा विटेची पूड वाढवायची. लाख गरम हवेने किंवा गरम पाण्याने मऊ होते, ज्योत लागत नाही. टेम्पर केलेले पाते जवळ असताना ज्योत नकोच.

पृष्ठभाग ६०० च्या आणि मग १००० च्या पॉलिश पेपरने, सपाट कठीण ठोकळ्यावर ताणून घासा. बफ मारून आरसा करू नका, चकाकीत रेघ दिसत नाही. त्यावर पोस्टरचा पांढरा रंग बोटाने पातळ थापा, वाळल्यावर टोकदार पेन्सिलीने वेल काढा आणि सुईने हलकी आखून घ्या. हात चित्राला बसला नसेल तर नक्षी उलटी करून लेझर प्रिंट घ्या, ती पालथी ठेवून अ‍ॅसिटोनने ओलसर केलेल्या कापडाने दाबा, टोनर धातूवर उतरतो. इंकजेटची शाई अशी उतरत नाही.

नक्षीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. इंग्रजी बंदुकींवरच्या स्क्रोलची नक्कल करण्यापेक्षा पैठणीच्या काठावरची आसावली किंवा शालीवरची कोयरी घ्या. या आकृत्या अरुंद पट्टीत बसवण्यासाठीच घडलेल्या आहेत आणि बोल्स्टर म्हणजे १५ ते २० मिमीची अरुंद पट्टीच असते. कडेपासून ०.८ ते १ मिमी आत एक सरळ रेघेची चौकट, मग मुख्य देठ, मग पाने. देठाचे वळण सतत घट्ट होत गेले पाहिजे. कुठेही सपाट तुकडा राहिला तर धातूवर तो कागदापेक्षा दुप्पट खुपतो. पाने देठातून फुटल्यासारखी हवीत, देठाला चिकटवल्यासारखी नकोत.

प्रत्यक्ष कोरण्याआधी त्याच पितळेच्या ३ मिमी जाड पट्टीवर निदान पन्नास सरळ रेघा, पन्नास अर्धवर्तुळे आणि पन्नास कोयऱ्या कोरा. यात आळस केला तर तो बोल्स्टरवर दिसतो.

रेघेची खोली हाताच्या उंचीवर ठरते. हात किंचित वर गेला की टोक खोल जाते, खाली आला की टोक वर येऊन सुटते. घसरण बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारची असते: पितळ मऊ म्हणून नकळत जोर जास्त दिला जातो, जोर देताना तळवा खाली दबतो, टोक उथळ होते आणि एकदम सुटते. जोर कमी करा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा ग्रेव्हरच्या दांड्याला रोधक म्हणून टेकवा. हा अंगठा बाजूने टेकलेला हवा, कधीही टोकाच्या पुढे नको. वळणावर ग्रेव्हर वळवायचा नाही, काम फिरवायचे. ग्रेव्हरचा हात जवळजवळ स्थिर राहतो आणि दुसरा हात व्हाइस किंवा गादी फिरवत धातू टोकावर आणतो. पान जाड करायचे तिथे ग्रेव्हर वळणाच्या बाहेरच्या अंगाला हळूहळू कलंडवा आणि पुन्हा सरळ करा. रेघ संपताना टोक झटक्याने वर उपसू नका, टोके तुटतात ती बहुतेक इथेच. हात सावकाश खाली आणा, टोक आपोआप वर येत बाहेर पडेल आणि कीस सुटेल. रेघांची खोली ०.१ ते ०.२ मिमी पुरते. एका दमात खोल जाण्यापेक्षा दोन फेऱ्या करा. पितळ कोरडेच कोरा. पोलादावर दर दोन-तीन रेघांनी टोक कटिंग ऑइलमध्ये बुडवा. चष्मा घालाच, कीस सुईसारखा उडतो.

वेल उठून दिसायची असेल तर तिच्यामागची जमीन उतरवावी लागते. ०.५ ते १ मिमीच्या सपाट ग्रेव्हरने ०.२ मिमी खोल जागा मोकळी करा, मग बारीक टोकाच्या पंचाने ठिपके शेजारी शेजारी, एकमेकांना भिडवून मारा. विरळ ठिपके घाईचे दिसतात. काळेपणासाठी पितळेवर तांबे-पितळाचे काळे करणारे तयार द्रावण, पोलादावर कोल्ड ब्लू (न तापवता पोलाद काळे करणारे द्रावण), किंवा सरळ काळा तैलरंग चोळून वरचा भाग गुळगुळीत पुठ्ठ्याने पुसा. कापडाने पुसलात तर ते खोल रेघांतला रंगही शोषून नेते.

कोरताना रेघांच्या कडांवर बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड, उठते. ती काढायला १००० किंवा १५०० चा पॉलिश पेपर स्टीलच्या पट्टीला चिकटवून दोन-तीन हलके हात मारा. बोटावर पेपर घेऊन घासलात किंवा बफ लावलात तर रेघांच्या कडा गोल होतात आणि नक्षी दहा वर्षे वापरलेल्यासारखी झिजकी दिसते.

घसरून पडलेला ओरखडा उथळ असेल तर ओपणीने (गुळगुळीत, कडक पोलादी दांडीने) दाबून भरता येतो. तेलाचा थेंब टाका, ओरखड्याच्या दोन्ही बाजूंचा धातू आतल्या दिशेने हलकेच लोटा आणि मग पेपर मारा. खोल असेल तर भरायच्या नादी लागू नका, खड्डा अधिक पसरतो. तिथे एखादे पान, कळी किंवा मूळ वेलीचा फाटा वाढवा.

पुढच्या सुरीच्या पात्यावर नक्षी हवीच असेल तर ती मऊ अवस्थेत, आकार पूर्ण घासून झाल्यावर आणि पाणी देण्याआधी कोरा. यात दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली खोली. पाणी देताना खपली धरते आणि नंतर घासताना साधारण ०.१ मिमी धातू जातो. म्हणून रेघ ०.३ मिमी तरी खोल हवी, नाहीतर बारीक रेघा निम्म्या पुसतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तळाशी टोकदार व्ही असलेली रेघ म्हणजे तडा जाण्याची आखून दिलेली जागा. पाते ८३० अंशांच्या आसपासवरून तेलात जाते तेव्हा आकुंचनाचा सगळा ताण अशा तळाशी गोळा होतो. पात्याच्या लांबीला समांतर रेघ त्यातल्या त्यात सुरक्षित, आडवी रेघ सर्वांत वाईट, आणि पाते जिथे टँगला (मुठीत शिरणाऱ्या दांड्याला) मिळते तिथली आडवी रेघ तर सुरी मोडण्याची हमीच. नक्षी पाठीच्या बाजूच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवा, धारेपासून लांब. खोल रेघांना टोकदारऐवजी गोल तळाचा ग्रेव्हर वापरा.

या सगळ्याहून सोपी आणि ४ मिमी जाड पात्याला शोभणारी नक्षी म्हणजे पाठीवरची कानसवेल. पाणी देण्याआधी पाठीला निळी शाई लावून मधोमध रेघ आखा. एका कडेवर दर ८ मिमीवर खूण करा, दुसऱ्या कडेवर तशाच खुणा पण ४ मिमी पुढे सरकवून. ३ मिमीची गोल बारीक कानस ४५ अंशांत तिरपी धरून प्रत्येक खुणेवर मध्यरेघेच्या किंचित अलीकडे थांबेल अशी खाच पाडा. दोन्ही बाजूंच्या खाचा झाल्या की मध्ये नागमोडी देठ आपोआप उभा राहतो. मग तिकोनी कानसेने प्रत्येक खाचेच्या बाजूला अर्धा मिमी खोल छोटी चीर दिली की पान फुटल्यासारखे दिसते. तिकोनी चिरा टोकाकडच्या १५ मिमीत आणि मूठ सुरू होते तिथे देऊ नका, वाकण्याचा ताण तिथे असतो. शेवटी पॉलिश पेपरची अरुंद पट्टी खाचेतून पुढे-मागे ओढून कानसेचे आडवे ओरखडे पूर्ण काढा. ते राहिले तर तडा तिथूनही सुरू होतो, आणि पाणी दिल्यावर ते काढायला कानस उपयोगी पडत नाही.